मदत हवी आहे: गांडुळं झाकणाकडे चढून मरतायत

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी गच्चीवर गांडूळखत करायला घेतलं. २० लिटरची रंगाची बादली, तळाला आणि बाजूला भोकं, खाली नारळाच्या शेंड्या, वर जुनं शेणखत आणि वाळलेला पाला. त्यात पाव किलो आयसेनिया फेटिडा जातीची, खतासाठी वापरतात ती गांडुळं सोडली. दीड महिना छान चाललं होतं. वरचा थर चहापत्तीसारखा काळा, मोकळा झाला होता, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास यायचा.

मागच्या आठवड्यात पाहुणे होते, त्यामुळे कलिंगडाच्या साली आणि उरलेला भात एकदमच टाकला गेला. आता आंबूस वास येतोय, हात घातला तर आत गरम लागतं, आणि रोज सकाळी १०-१५ गांडुळं झाकणाला चिकटलेली दिसतात. काही तर बाहेर पडून फरशीवर वाळून गेलेली. फार वाईट वाटतं हो. शिवाय दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे झालेत.

भात आणि साली काढून टाकल्या, बादली सावलीत हलवली, वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे मिसळले. आता अंड्याच्या टरफलांची पूड घालून आंबटपणा कमी होईल का? किती घालू? की उरलेली गांडुळं नव्या बादलीत, नव्या शेणखतात हलवणंच बरं? आणि ते पांढरे किडे गांडुळांना त्रास देतात का?

कुंड्यांत टोमॅटो आणि मोगरा आहे, हे अर्धवट खत तिथे घालायची हिंमत होत नाही. कुणी असं सावरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.