वय ४४, टूलरूम सोडून सोलर शिकावं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

भोसरीचा_फिटर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. वय ४४, आयटीआय फिटर, अप्रेंटिस झाली की लगेच कामाला लागलो ते आजपर्यंत टूलरूममध्येच आहे, फिक्श्चर, गेज, डायची दुरुस्ती, सरफेस ग्राइंडर असं सगळं. आमची कंपनी डिझेल इंजिनाचे पार्ट बनवते. २०२० ला बीएस-सिक्स (गाडीच्या धुराचा कडक नियम) आलं तेव्हापासून छोट्या डिझेल गाड्या बंद होत गेल्या आणि आमच्या ऑर्डरी पण तशाच कमी होत गेल्या, आधी तिसरी शिफ्ट गेली मग ओव्हरटाइम गेला आणि आता व्हीआरएसची (पैसे घेऊन स्वेच्छेने निवृत्ती) नोटीस लागलीय बोर्डावर.

घरी आई आहे, तिला शुगर-बीपी दोन्ही. मुलगी दहावीला. फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं. मिसेसचं शिवणकाम चालतं त्यावर किराणा निघतो, बाकी सगळं माझ्या पगारावर.

एक मित्र म्हणतोय व्हीआरएस घे आणि सोलरमध्ये ये, सबसिडीमुळे घरोघरी पॅनल लागतायत, स्वतःची एजन्सी टाकू. मला नवीन शिकायला आवडतं, वीस वर्षांच्या पोराकडून शिकायलाही काही वाटत नाही. पण या वयात छतावर चढून काम झेपेल का, शिकायचं कुठे, आणि व्हीआरएसचा पैसा एजन्सीत घालावा का हे कळत नाहीये. रात्री झोप लागत नाही खरं सांगायचं तर. या लाइनमध्ये कोणी असेल तर मोकळेपणाने सांगा.

खान्देशी_सोलर

दादा, मी जळगावला हेच काम करतो, आधी मोटार रिवाइंडिंग करायचो. सविस्तर लिहितो.

झेपण्याचं आधी सांगतो. घरगुती ३ किलोवॅटला आजकाल ५५० वॅटची साधारण सहा पॅनल लागतात, एक पॅनल २७-२८ किलोचं आणि सव्वादोन मीटरच्या वर लांब. ते गच्चीवर चढवायचं काम पोरं करतात, तुमची गरज तिथे नाहीच. तुमची गरज आहे स्ट्रक्चर आणि जोडणीत, आणि इथेच सगळा बाजार कच्चा आहे. मी किती तरी साइट बघितल्यात जिथे पाय लेव्हलला नाहीत, अँकर फास्टनर (स्ट्रक्चर धरून ठेवणारा बोल्ट) प्लास्टरमध्येच ठोकलाय, खाली स्लॅबपर्यंत गेलाच नाही, आणि वळवाच्या वाऱ्यात अख्खं स्ट्रक्चर हललंय. ज्याने आयुष्यभर डायल गेज लावून बारीक मापात काम केलं त्याला हे शिकवावं लागत नाही.

शिकावी लागेल ती डीसी. सहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की ऊन असताना अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि ते मेन स्विच पाडून जात नाही, ऊन आहे तोवर पॅनल व्होल्टेज देतच राहतं. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी लवकर विझते, डीसीची तशी विझत नाही, ओढत जाते. एमसी-फोर कनेक्टरची (पॅनलच्या केबली जोडायचा प्लग) पिन नीट क्रिम्प झाली नाही, म्हणजे वायरवर घट्ट दाबली गेली नाही, तर तिथे गरम होत होत एक दिवस कनेक्टर जळतो. साधी पकड घेऊन पिन दाबणारे लोक आहेत अजून, आणि घरमालकाला काहीच कळत नाही, वरून सगळं चकाचकच दिसतं. अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर, डीसीडीबी, एसीडीबी (डीसी आणि एसी बाजूचे फ्यूज-स्विचचे बॉक्स), इन्व्हर्टरची सेटिंग, मग महावितरणचा ऑनलाइन अर्ज आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), एवढं आलं की तुम्ही कुठेही उभे राहाल. वायरिंगचं काम मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या नावाखालीच करायचं, त्यात शॉर्टकट नको.

कोर्सचं म्हणाल तर केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र म्हणून आहे, ६०० तासांचा, फी नाही, फिटरवाल्यांना पण घेतात. पण त्याच्या आधी कोणाच्या तरी बरोबर सुट्टीच्या दिवशी साइटवर जा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी गच्चीवर उभं राहून बघा आणि मग ठरवा.

आता एजन्सी. हे नीट वाचा. २०२४ ला पीएम सूर्य घर योजना आली, त्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किंवा त्याच्या वर एकूण ७८ हजार सबसिडी आहे. ही सबसिडी ग्राहकाच्या खात्यात येते, आपल्या नाही, आणि ती सुद्धा मीटर बसून सगळी तपासणी झाल्यावर. ग्राहक म्हणतो सबसिडी आली की उरलेले देतो. पॅनलवाल्याला पैसे मात्र आपण आधीच मोजलेले असतात. अशा पाच-सात साइट एकदम उघड्या राहिल्या की तुमचा व्हीआरएस तिथेच अडकला म्हणून समजा, वर पावसाळ्याचे चार महिने काम निम्म्यावर. मित्र कितीही जवळचा असो, पहिल्या वर्षी पैसा घालू नका, हात घाला.

मोजमाप_नाशिक

दादा, मी क्वालिटीत आहे, अंबड एमआयडीसी. मला सोलरबद्दल काही म्हणायचं नाही, वरच्यांनी फार चांगलं लिहिलंय, पण तुम्ही टूलरूम सोडताय हेच मला पटत नाहीये.

डिझेल गेलं म्हणून मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातलं काम, गेलं नाही. ईव्हीच्या गिअरला तर उलट जास्त बारीक ग्राइंडिंग लागतं कारण इंजिनाचा आवाजच नसल्यामुळे गिअरचा आवाज लगेच ऐकू येतो. हाडांच्या ऑपरेशनच्या टायटॅनियम प्लेटा, विमानाचे पार्ट, हे सगळं कोणीतरी मोजायला लागतंच. आमच्याकडे सीएमएमवर (पार्टची मापं घेणारं कॉम्प्युटरचं मशीन) नवीन मुलं येतात, त्यांना सॉफ्टवेअर येतं, बटणं सगळी येतात, पण पार्ट कुठे टेकवायचा, डेटम (जिथून माप धरायचं ती बाजू) कुठला धरायचा आणि रीडिंग चुकीचं येतंय की पार्ट चुकलाय हे कळत नाही. परवाच एका मुलाने अख्खा लॉट रिजेक्ट केला होता. आमच्या जुन्या टूलरूमच्या काकांनी पार्टला नुसता हात लावला आणि म्हणाले अरे हा आत्ता मशीनवरून आलाय, गरम आहे, २० डिग्रीच्या रूममध्ये दोन तास ठेव आणि मग मोज. दोन तासांनी सगळे पार्ट ओके. ही समज तुमच्याकडे ऑलरेडी आहे, तुम्हाला फक्त सॉफ्टवेअर आणि जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि टॉलरन्स दाखवायच्या खुणा) शिकायचंय, तेही नोकरीत असताना संध्याकाळी.

छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कॅड-कॅम वगैरेचे छोटे कोर्स असतात, ते बघा. आणि मोठ्या कंपन्यांच्या साइटवर अर्ज टाकत बसू नका, तिथे वय बघूनच बाजूला ठेवतात हे मी आतून बघते. पन्नास-शंभर माणसांची व्हेंडर शॉप असतात ना, तिथे मालकाला जाऊन प्रत्यक्ष भेटा. त्याला तुमच्यासारखा माणूस हवाच असतो.

खान्देशी_सोलर

ताईंचं म्हणणं बरोबर आहे. फक्त एवढंच की व्हेंडर शॉप पण शेवटी त्याच मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर चालतं, वरून ऑर्डर थांबली की पहिला फटका यांनाच. दादांनी एकच ग्राहक असलेलं शॉप घेऊ नये, वेगवेगळी कामं करणारं बघावं.

सांगलीचे_अण्णा

मी रिटायर्ड आहे, आयुष्य पर्सोनेल डिपार्टमेंटला (आताचं एचआर) गेलं, मी फक्त पैशाचं सांगतो. सही करण्याआधी एचआरकडून सगळे आकडे लेखी घ्या, तोंडी काही चालत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करा, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, म्हणजे समजा ३० हजार बेसिक-डीए आणि २० वर्षं धरली तर ३ लाख ४६ हजार होतात, आणि हे व्हीआरएसच्या रकमेपासून वेगळं दाखवलंय का ते बघा कारण काही ठिकाणी दोन्ही एकत्र करून मोठा आकडा सांगतात आणि माणूस खूश होऊन सही करतो. व्हीआरएसच्या रकमेवर ५ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही पण स्कीम त्या नियमात बसणारी असली पाहिजे, तेही लेखी विचारा. पीएफमधल्या पेन्शनच्या खात्याला १० वर्षांच्या वर झाली असतील तर स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या वर्षांचा दाखला) घेऊन ठेवा, ५८ ला पेन्शन सुरू होईल, पन्नाशीनंतर लवकर घेता येते पण दर वर्षामागे ४ टक्के कापतात, शक्यतो घेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीची मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जाते. आईंना शुगर-बीपी आहे म्हणताय, नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी काढा म्हणजे ते वेटिंग आत्तापासून मोजलं जाईल. हाती पैसा आला की पहिला एक वर्षाचा घरखर्च आणि हप्ते एफडीत टाका. अख्खं कर्ज फेडून हात रिकामा करू नका.

अनघा_चिंचवड

दादा, माझे मिस्टर ४६ व्या वर्षी प्रेस शॉप सोडून लिफ्ट मेन्टेनन्स शिकले. तांत्रिक सगळं वर आलंय, मी घरातलं सांगते. पहिले काही महिने एक तारखेला मोबाइल वाजायचा नाही ना, त्याचा त्यांना फार त्रास झाला. पैसे अगदीच नव्हते असं नाही, साठवलेले होते, पण पगाराचा मेसेज येत नाही म्हणजे आपण काही करत नाही असं त्यांना वाटायचं आणि चिडचिड सगळी घरात. मग आम्ही साठवणीतून दर महिन्याला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाकायला लागलो, तारीख पण तीच, त्याने खूप फरक पडला. मुलीला पण सांगा. दहावीचं वर्ष आहे म्हणून लपवू नका, पोरांना सगळं कळत असतं आणि न सांगितल्यावर ती जास्त घाबरतात. आणि वहिनींना विचारलंत का? पोस्टमध्ये त्यांचं मत कुठेच नाहीये.

भोसरीचा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताई, काल रात्री मिसेसशी सगळं बोललो. ती म्हणाली पॉलिसी आधी काढा आणि मित्राला एजन्सीचं आजच नाही म्हणून सांगा. सांगितलं. थोडा नाराज झाला, होऊ दे.

व्हीआरएसची मुदत अजून आहे, तोवर नोकरी सोडत नाही. संध्याकाळी जीडी अँड टी आणि सीएमएमची चौकशी करतो, चाकणला एका व्हेंडरकडे माझा जुना ज्युनिअर आहे, ते लोक मेडिकलचं काम पण करतात, त्याला भेटून येतो. आणि रविवारी सोलरवाल्यांबरोबर जायचं पण ठरवलंय, एक जण तयार झालाय मोशीचा. दोन्ही बघून मग सही.

खान्देशी दादा, रविवारी जाताना स्वतःचं काय न्यावं? टॉर्क रेंच आणि लेव्हल माझ्याकडे आहे. क्रिम्पिंग टूल आत्ताच घेऊ का?

खान्देशी_सोलर

क्रिम्पिंग टूल घ्या, पण एमसी-फोरचंच, अडीच, चार आणि सहा स्क्वेअर एमएम केबलच्या डायवालं, घरगुती कामात बहुतेक चारचीच केबल असते. आधी घरी जुन्या तुकड्यांवर दहा-वीस पिना दाबून ओढून बघा, निसटली तर टूल परत करा. मल्टीमीटर १००० व्होल्ट डीसीचा असलेलाच न्या. आणि या सगळ्याच्या आधी फुल बॉडी हार्नेस (उंचावरून पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे) घ्या. मोशीवाला म्हणेल गच्चीला कठडा आहे, कशाला पाहिजे, तरी घालायचाच.