वार तपासून उपयोग काय?

एका प्रतिसादात म्हटलंय की वार (पोटात बाळाला पोसणारा, नाळेनं जोडलेला अवयव) पडली की तिचं काम संपलं, मग तपासण्यांचा खर्च कशाला. नाही पटलं. उपयोग पुढच्या गरोदरपणात होतो. वहिनीचं पहिलं बाळंतपण सांगलीत झालं. बीपी चढल्यामुळे बत्तिसाव्या आठवड्यातच सिझर, बाळ जेमतेम सव्वा किलोचं. डॉक्टरांनी वार फॉर्मलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) डब्यात घालून मिरजेला पॅथॉलॉजीत पाठवली. आजी भडकलीच, "वार परसात पुरायची असती, डब्यातनं कुठं न्हेताय?" रिपोर्टात वारेचे काही भाग रक्तपुरवठ्याअभावी मेलेले निघाले.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधीचं बीपी आणि तो रिपोर्ट बघून बाराव्या आठवड्यातच कमी डोसची ॲस्पिरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) रोज रात्री सुरू केली. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे नावाच्या औषध-चाचणीत जोखमीच्या बायकांना ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली होती. ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढण्याचा धोकादायक आजार) त्यांच्यात १.६ टक्के दिसला, नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के. (मनानं मात्र घेऊ नये ही गोळी.) आणि वार तपासायची असेल तर बाळंतपणाआधीच सांगून ठेवा, नंतर ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात गेलेली असते.