मदत हवी आहे: गाडीच्या कॅरिअरपुढे लावायचं फेअरिंग (वारा वर वळवणारी तिरकी शीट) घरी कसं करावं?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे जुनी बोलेरो आहे आणि तिच्यावर इथेच करून घेतलेलं लोखंडी कॅरिअर आहे. एक इंची गोल पाइप, पाच आडव्या, भोवती चौकट, छताच्या गटरला क्लॅम्प. मजबुतीत काही कमी नाही. पण साठच्या वर गेलं की ते गुणगुणायला लागतं आणि ऐंशीला अख्ख्या गाडीत एकच सूर भरून राहतो, कोणी दम न घेता शंख फुंकतंय असा. काच वर करा, खाली करा, वर बॅगा असोत नसोत, सूर जात नाही.

आमचं आम्ही सहन केलं असतं. पण आई ७८ वर्षांची आहे आणि दोन्ही कानांना यंत्र लावते. दर दोन-तीन महिन्यांनी तिला नाशिकला मावशीकडे न्यावं लागतं. भावंडांत आता त्या दोघीच उरल्यात आणि मावशी अंथरुणाला खिळलेली आहे. मागे डिकीत आईची फोल्डिंगची व्हीलचेअर असते, त्यामुळे बॅगा वरच टाकाव्या लागतात. तेव्हा कॅरिअरच काढून टाका, हा सल्ला कृपया नको.

कानातलं यंत्र बोलण्याबरोबर तो सूरही मोठा करतं. मागच्या खेपेला मानपूर सोडल्यावर आरशात बघितलं तर आईने दोन्ही यंत्रं काढून रुमालात गुंडाळली होती आणि तो रुमाल मुठीत घट्ट धरून बसली होती. तिथून नाशिकपर्यंत कोणी काही विचारलं की नुसती हसून मान हलवायची. नातवाने सेंधव्याला बिजासनी मातेचं देऊळ दाखवलं, तेही तिने ऐकलं नाही. हे मला बघवत नाही, म्हणून हा खटाटोप.

एक प्रयत्न करून झालाय आणि तो फसला, तोही सांगतो, म्हणजे तीच चूक कोणी सुचवणार नाही. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडून ३ मिमीची काळी अ‍ॅक्रिलिक शीट आणली, चार फूट लांब, नऊ इंच उंच. घरच्या ड्रिलने, लोखंडाला वापरतो त्याच बिटने, चार भोकं पाडली आणि पुढच्या पाइपला क्लॅम्प लावून नट करकचून आवळले. मध्ये दोन झिप टायही ओढले. राऊपर्यंत गाडी इतकी शांत होती की आई आपणहून बोलायला लागली. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो, समोरून भरधाव ट्रक गेला आणि डोक्यावर ताडकन आवाज झाला. गाडी बाजूला घेऊन पाहतो तर उजव्या टोकाच्या भोकापासून तडा थेट कडेपर्यंत गेलेला आणि हाताच्या पंजाएवढा तिकोनी तुकडा गायब. मी उतरून बघत असतानाच मागून एक मोटारसायकल आली, नवराबायको आणि मध्ये लहान मूल. तो तुकडा त्यांच्या तोंडावर गेला असता तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. उरलेली शीट तिथेच काढून गाडीत टाकली.

तेव्हा माझा पहिला प्रश्न आवाजाचा नाहीच. ही वस्तू कुठल्याही परिस्थितीत सुटून मागच्यांवर जाता कामा नये, यासाठी काय करावं? त्यानंतर बाकीचे. अ‍ॅक्रिलिकऐवजी काय घ्यावं, पॉलिकार्बोनेट, एबीएस प्लास्टिक की सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा? शीट किती तिरकी ठेवायची? खालची कड छताला टेकवायची की फट सोडायची? टेकवली तर रंग घासून जाईल अशी भीती आहे. सियागंज आणि लोहा मंडी घराजवळ आहे, नट-बोल्ट, रबर, पत्रा काय लागेल ते मिळेल. वेल्डिंग मला येत नाही, पण करून घेता येईल.

अजून एक. मोबाइलवर आवाजाची कंपनं मोजणारं अ‍ॅप टाकून पाहिलं. ८० च्या वेगाला १९० हर्ट्झच्या आसपास टोक दिसतं आणि वेग वाढवला की तेही वर सरकतं. याचा काही उपयोग होत असेल तर सांगा.

प्रतिसाद, पुण्याहून

दादा, अ‍ॅपवर आलेला आकडा फार कामाचा आहे. गोल पाइपवरून वारा गेला की मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटत जातात आणि त्यांच्या ठेक्याचाच तो सूर असतो. हिशोब सोपा आहे. वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याला ०.२ ने गुणा आणि पाइपच्या व्यासाने भागा. ८० किमी म्हणजे २२.२ मीटर, पाइप २५ मिमी, उत्तर येतं १७८ हर्ट्झ. तुम्हाला १९० दिसले कारण छतावरून जाताना वारा गाडीपेक्षा थोडा जास्त वेगाने पळतो. म्हणजे सूर पाइपचाच आहे, क्लॅम्प सैल असल्याचा नाही.

फेअरिंग करायच्या आधी एक स्वस्त उपाय करून बघा. कारखान्यांच्या उंच धुराड्यांना वरच्या भागात गोल जिन्यासारख्या फिरत गेलेल्या पट्ट्या पाहिल्या असतील. त्या याच भोवऱ्यांसाठी असतात, नाहीतर धुराडं वाऱ्यात डोलायला लागतं. तसंच पुढच्या पाइपवर ५-६ मिमीची नायलॉनची दोरी गुंडाळा. वेढे एकमेकांना चिकटवू नका, दर पाचेक इंचांवर एक वेढा येऊ द्या. भोवरे सगळ्या लांबीवर एकाच वेळी सुटले तरच सूर जुळतो. दोरीमुळे ते मागे-पुढे सुटतात आणि सूर मोडतो. दोन्ही टोकं गाठ मारून वर टेप लावा.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून

मी प्लास्टिक शीटच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची शीट ट्रकने तोडली नाही, ती भोक पाडतानाच तुटली होती. अ‍ॅक्रिलिक कडक आणि ठिसूळ असतं. लोखंडाच्या बिटने भोकाच्या कडेला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यावर तुम्ही नट आवळलेत.

३ किंवा ४ मिमीचं भरीव पॉलिकार्बोनेट घ्या. शेडवर घालतात ते पोकळ, पन्हाळीचं नको. ते वाकतं पण असं तडकत नाही. एका बाजूला ऊन झेलणारा थर असतो, वरच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं. ती बाजू बाहेर ठेवा, नाहीतर तुमच्या उन्हात वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडेल. किंचित गोलाई देता येईल, गरम न करताही. फक्त ३ मिमीला गोलाईची त्रिज्या ३० सेमीपेक्षा कमी करू नका.

आता भोकं. हे नीट वाचा. बोल्ट ६ मिमीचा असेल तर भोक ९ मिमीचं पाडा. चार फुटी पॉलिकार्बोनेट थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत लांबीत तीनेक मिमी वाढतं. त्याला सरकायला जागा नाही दिली तर ते भोकापाशीच ताणलं जातं. कडेपासून भोक निदान २० मिमी आत असू द्या. ड्रिल हळू चालवा, खाली लाकडाची फळी ठेवा, भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि त्याखाली ईपीडीएम, म्हणजे उन्हापावसात टिकणारं रबर. नट आतून नायलॉन असलेला, नायलॉक मागा. नट सुटू नये म्हणून जे लिक्विड लावतात ते इथे अजिबात लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेटला आतून तडे जातात. पेट्रोल किंवा थिनरने पुसायचंही नाही, साबणपाणी पुरे.

तुमचा पहिला प्रश्न खरा महत्त्वाचा. नऊ इंची शीट उभी धरली तर ८० ला तिच्यावर साधारण १० किलोचा जोर येतो, १०० ला १५-१६ किलो. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. चार ऐवजी सहा क्लॅम्प घ्या. झिप टायवर भरवसा नको, ते उन्हाने कडक होऊन तुटतात. आणि शीटच्या दोन्ही टोकांना वेगळी भोकं पाडून बारीक स्टीलची वायर रोप कॅरिअरच्या चौकटीला बांधा, थोडी सैल. सगळे क्लॅम्प गेले तरी शीट गाडीलाच लटकत राहील. हे केल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

शीट उभी नको, मागे झुकलेली हवी, छताशी साधारण ४० अंश. वरची कड पुढच्या पाइपपेक्षा जेमतेम इंचभर वर. त्याहून उंच केलीत तर पाइपचा आवाज जाऊन शीटचा येईल. खालची कड छताला हलकी टेकू द्या, कडेला मऊ रबरी बीडिंग बसवा आणि छतावर त्या रेषेत रंगाची पारदर्शक फिल्म चिकटवा. मायलेज वाढेल अशी आशा मात्र धरू नका. आवाज कमी झाला की काम झालं समजा.

प्रतिसाद, नाशिकहून

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. काढता-घालता येईल असंच करा आणि धारदार कडा ठेवू नका. मावशींची तब्येत कशी आहे?

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताई, मावशी आता उशीला टेकून बसते, बोलते. आईची वाट बघतेय.

रविवारी फक्त दोरी गुंडाळून पहाटे इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर गेलो. ऐंशीला तो शंख खरंच गेला! नुसता सूं असा वाऱ्याचा आवाज उरला. आई म्हणाली बरं आहे, पण यंत्राचा आवाज कमी करावा लागला, म्हणून फेअरिंग करायचं ठरवलंच.

आठ दिवसांनी पॉलिकार्बोनेट बसवलं. सहा क्लॅम्प, वायर रोप, नायलॉक, सगळं वडोदऱ्याच्या काकांनी सांगितलं तसं. मग एक गोष्ट आपल्या मनाने केली. आईच्या लोकरीच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, तिनेच चार-चार बोटांचे तुकडे कापून दिले आणि ते शीटवर आणि मागे छतावर टेपने चिकटवले. भाऊ शेजारून त्याच्या गाडीतून व्हिडिओ घेत होता. मधल्या भागातले धागे सरळ मागे झोपले होते, पाइपवरून वर उठून जात होते. दोन्ही टोकांचे मात्र गोल गोल फिरत होते, आणि उरलेला आवाज तिथूनच येतोय असं वाटतं. ऐंशीच्या वेगात आईने मागच्या सीटवरून सुनेला विचारलं, गॅस बंद केला होतास ना. यंत्रं कानातच होती. गाडी थांबवून दोनदा क्लॅम्प तपासले, एकही हलला नव्हता.

आता दोनच शंका. टोकांना शीट थोडी मागे वळवली तर ते फिरणं थांबेल का? की चार फुटांऐवजी कॅरिअरच्या पूर्ण रुंदीची शीट घ्यावी? दुसरी शंका पावसाची. शीट आणि छताच्या सांध्यात पाणी साचलं तर बीडिंगखाली गंज धरेल असं वाटतं. खालच्या कडेला मध्ये दोन बोटं फट सोडली तर तिथून शिट्टी वाजेल का? पुढच्या महिन्यात नाशिकला निघायचंय, त्याआधी हे उरकायचं आहे.