लिनक्समधे ड्रायव्हरचाच कोड एवढा का?

कर्नलवेडा: लिनक्स कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड चाळतोय, निम्म्याहून जास्त कोड नुसता ड्रायव्हर्सचाच (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचाच) दिसतोय, असं का?

सायली_के: प्रत्येक कंपनीचं हार्डवेअर वेगळंच असतं म्हणून. एनव्हीएमई हे एसएसडीशी बोलायचं स्टँडर्ड आहे त्यामुळे तशी एसएसडी कुणाचीही लावा, एकच ड्रायव्हर बहुतेक चालतो, पण वायफायला तसं काहीच नाही, मग इंटेलचा वेगळा, रियलटेकचा वेगळा, त्यातही चिपगणिक परत वेगळे. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधे तर लाखो ओळी नुसत्या रजिस्टरच्या (चिपमधल्या कंट्रोलच्या जागांच्या) याद्या असलेल्या हेडर फाइल्स आहेत!

बिटबहाद्दर: स्टँडर्ड असलं तरी पाळतंय कोण? यूएसबी स्टोरेजच्या ड्रायव्हरमधे नीट न वागणाऱ्या डिव्हाइसेसची खास यादीच ठेवलीये.

कर्नलवेडा: आणि एआरएमचं, म्हणजे मोबाइलमधे असतात त्या प्रोसेसरचं काय?

सायली_के: तिथे तर प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी फाइल लिहायचे, 2011 मधे लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स त्यावर जाम भडकले, मग डिव्हाइस ट्रीकडे (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या वेगळ्या फाइलकडे) वळले सगळे. बरंच झालं ते.