शब्दचर्चा : ‘प्रीक्वेल’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ

नाताळच्या सुट्टीत नाशिकरोडला ८ ते १४ वयाच्या मुलांना तीन चित्रपट दाखवायचे आहेत : ‘पॅन’ (२०१५), ‘वॉन्का’ (२०२३) आणि ‘विकेड’ (२०२४). तिन्हींत मुलांच्या जुन्या गाजलेल्या अद्भुतकथांच्या आधी काय घडलं ते नव्याने रचलं आहे. मराठी पत्रक एक पानी, प्रत्येक चित्रपटाला दोन ओळी. ‘प्रीक्वेल’ लिहिलं तर पोरांना कळेल, पण पोरांना पाठवायचं की नाही हे ठरवणारे आजी-आजोबा तिथेच अडतील. आतापर्यंत सुचलेले शब्द : पूर्वकथा, पूर्वरंग, पूर्वपीठिका, मूळकथा. कुठला चालेल? जो चालणार नाही तो का, तेही सांगा.

पोथीवाचक

पूर्वरंग आधी खोडा. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करतात, मध्यंतरात बुक्का-हार होतो आणि आख्यान लागतं ते उत्तररंगात. म्हणजे गोष्ट असते ती उत्तररंगात, पूर्वरंगात नाही. संस्कृत नाटकातला पूर्वरंग म्हणजे पडद्याआधीची वाद्यांची जुळवाजुळव, नांदी वगैरे. त्याचाही कथानकाशी संबंध नाही. कीर्तन ऐकत आलेल्या आजोबांना ‘ऑझ नगरीचा पूर्वरंग’ वाचून प्रवचन आहे असं वाटलं, तर चूक त्यांची नाही.

पूर्वपीठिकेला मात्र चांगला दाखला आहे. संस्कृत गद्यकार दंडी याच्या ‘दशकुमारचरित’ या कथाग्रंथाचा मधला भाग तेवढा त्याच्या हातचा, आणि आजची पूर्वपीठिका मागाहून दुसऱ्या कोणी जोडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कथा आधीपासून लोकांपुढे होती, सुरुवात नंतर आली आणि तीही परक्या लेखणीतून. प्रीक्वेलचं याहून जुनं आणि नेमकं उदाहरण शोधावं लागेल. पण आजच्या मराठीत ‘या वादाची पूर्वपीठिका अशी’ हे वाक्य अहवालात येतं. मुलांच्या पत्रकात तो शब्द फाइलीतून पडल्यासारखा दिसेल.

जुने_अंक

पूर्वकथेची अडचण वेगळी आहे. साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत क्रमशः कादंबऱ्या यायच्या, तेव्हा नव्या हप्त्याच्या डोक्यावर चौकटीत ‘पूर्वकथा’ किंवा ‘पूर्वसूत्र’ असा मथळा असायचा. खाली मागच्या हप्त्यांचा गोषवारा. साठीच्या पुढच्या वाचकाच्या डोळ्यांना तोच अर्थ सवयीचा. नुसतं ‘वॉन्का : पूर्वकथा’ छापलंत, तर आधी काहीतरी दाखवून झालं आणि हा त्याचा सारांश, असा समज होईल.

उपाय सोपा आहे. शब्द एकटा सोडू नका, षष्ठी (चा-ची-चे) लावा. ‘अमक्याची पूर्वकथा’ म्हटलं की गोषवाऱ्याचा अर्थ गळून पडतो. ‘कर्णाची पूर्वकथा’ म्हटल्यावर कोणी सारांश समजत नाही. कुंती आणि सूर्यच आठवतात.

पूर्वार्धही कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो : नको. एकाच कलाकृतीचे दोन भाग असतील तरच पूर्वार्ध-उत्तरार्ध. ‘विकेड’ तसाच दोन भागांत आहे, २०२४ चा पूर्वार्ध आणि २०२५ चा उत्तरार्ध. तोच शब्द ‘आधीची गोष्ट’ या अर्थी वापरला तर पत्रकात गोंधळात गोंधळ.

रिळवाला

शब्दाच्या आधी वस्तू नीट पाहू. प्रीक्वेलमध्ये दोन घड्याळं चालतात. एक सांगण्याचं, म्हणजे कोणती कलाकृती लोकांसमोर कधी आली. दुसरं घडण्याचं, म्हणजे कथेतल्या घटना कुठल्या क्रमाने होतात. सांगण्याच्या घड्याळात मागून आणि घडण्याच्या घड्याळात आधी, असं दोन्ही जमलं तरच प्रीक्वेल. इंग्रजीतही हा शब्द सीक्वेलच्या साच्यात पाडलेला आहे आणि १९५० च्या दशकात विज्ञानकथांच्या मासिकात छापलेला सापडतो, म्हणजे काही फार पुराणा नाही. आपल्या ‘पूर्व’मध्ये फक्त दुसरं घड्याळ येतं. ‘मागाहून सांगितली’ हा अर्धा अर्थ वाक्यातच घालावा लागतो.

दोन घड्याळं वेगळी धरली नाहीत की काय होतं, याचं उदाहरण ‘हॉबिट’. टोल्किनचं हे पुस्तक १९३७ चं, त्याचंच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ चं. पुस्तकांत हॉबिट आधी घडतं आणि आधीच सांगितलंय, त्यामुळे ते प्रीक्वेल नाही. पडद्यावर मात्र ‘रिंग्ज’ २००१ ते २००३ मध्ये आले आणि हॉबिटचे तीन चित्रपट २०१२ ते २०१४ मध्ये. म्हणून ते चित्रपट प्रीक्वेल. गोष्ट तीच, बिरूद वेगळं.

आता तुमचे तीन चित्रपट. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा : मूळ गोष्टीतला पहिला प्रसंग कोणता? नवा चित्रपट त्या प्रसंगाच्या आधी संपतो का? आणि मूळ गोष्टीतलं ज्याचं कोडं होतं, ते यात सुटतं का?

वॉन्का : रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या १९६४ च्या पुस्तकात आपण भेटतो तो कारखान्याचा बंद दरवाजामागचा मालक. २०२३ चा चित्रपट कारखाना उभा राहतो तिथेच थांबतो. पहिल्या दोन प्रश्नांत पास. तिसऱ्यात अर्धा. पुस्तकातला वॉन्का पाककृती चोरणाऱ्या हेरांमुळे माणसांवरचा विश्वास गमावून बसलेला आहे, नव्या चित्रपटातला पोरगा नको तितका भाबडा. एकाचा दुसरा कसा झाला ते पडद्यावर येत नाही. हा चित्रपट गाणी आणि नारिंगी-हिरवे उंपा-लुंपा (कारखान्यातले बुटके कामगार) घेतो त्याच पुस्तकावरच्या १९७१ च्या चित्रपटातून, त्यामुळे तो खरं तर त्याचा आधीचा भाग. २००५ च्या चित्रपटात वॉन्काचे वडील दातांचे डॉक्टर दाखवले होते, इथे आई चॉकलेट करते. दोन्ही बालपणं एकत्र नांदू शकत नाहीत, तेव्हा ‘वॉन्काचं खरं बालपण’ असं काही लिहू नका.

पॅन : इथे गंमत आहे. पीटर पॅनचा जनक जे. एम. बॅरी, त्याचं नाटक १९०४ चं, कादंबरी १९११ ची, काळ तोच. २०१५ चा चित्रपट सुरू होतो दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनच्या अनाथाश्रमात, डोक्यावर बॉम्बफेक चालू असताना. म्हणजे ‘आधीची’ गोष्ट कॅलेंडरने तीसेक वर्षं नंतर घडते! शिवाय बॅरीचा पीटर जन्मल्याच दिवशी घरातून पळाला, कारण मोठेपणी त्याने काय व्हावं हे आईवडील बोलत होते ते त्याने ऐकलं. चित्रपटाने तेही बदललं. सर्वांत मोठी चूक हूक या चाच्याच्या बाबतीत. मूळ गोष्टीत पीटरने त्याचा हात तोडला आणि मगरीला टाकला, सगळं वैर तिथून. या चित्रपटात हूक शेवटपर्यंत पीटरचा दोस्त आणि दोन्ही हात शाबूत. ज्यासाठी लोक तिकीट काढतात तोच प्रसंग पुढच्या भागासाठी राखून ठेवला, चित्रपट आपटला आणि पुढचा भाग आलाच नाही. ब्लॅकबिअर्ड हा दुसरा चाचा मात्र उगाच आणलेला नाही. हूक पूर्वी त्याच्या जहाजावर होता असा उल्लेख बॅरीकडेच आहे.

विकेड : २०२४ चा भाग डोरोथी (मूळ ‘विझर्ड ऑफ ऑझ’ची नायिका) ऑझला पोचण्याच्या बऱ्याच आधी थांबतो. सुरुवातीचा प्रसंग चेटकीण मेल्यानंतरचा आहे, पण तो गोष्ट सांगण्यापुरता. तेव्हा हा भाग निखळ पूर्वकथा. २०२५ च्या भागात डोरोथी येते आणि कथा मूळ गोष्टीला समांतर धावते. त्याला पूर्वकथा म्हणणं चूक, ती ‘त्याच घटनांची दुसरी बाजू’. ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या दुष्ट परीवरचा २०१४ चा ‘मॅलेफिसंट’ही असाच, अर्धा आधीचा आणि अर्धा समांतर.

गोदाकाठ

छान. समांतरचा भाग आमच्या यादीत नाही, सुटलो. ‘मूळकथा’ आणि ‘उगमकथा’ यांबद्दल कोणीच बोललं नाही. इंग्रजीत ‘ओरिजिन’ म्हणतात त्याला कुठला?

तपोवन

मूळकथा दुधारी आहे. ‘विकेडची मूळकथा’ म्हटलं की एकाला वाटेल चेटकिणीच्या जन्माची गोष्ट, दुसऱ्याला वाटेल ज्यावरून चित्रपट घेतला ते पुस्तक. आणि पुस्तकंही दोन : बॉमचं १९०० चं ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आणि मॅग्वायरचं १९९५ चं ‘विकेड’. मधे २००३ चं संगीत नाटक आहेच. मराठीत ‘मूळ’ हा शब्द ‘ज्यावरून घेतलं ते’ या अर्थाने पक्का बसलाय, त्याला तिथेच राहू द्या.

उगमकथा मला आवडतो, कारण ‘उगम’ म्हटलं की प्रवाहाच्या उलट्या दिशेने वर चढणं आलं. गोदावरी बहुतेकांना दिसते रामकुंडावर, मग कोणी ब्रह्मगिरी चढून गंगाद्वार पाहतो. तिथेही उगम एकच नाही, गंगाद्वारानंतर कुशावर्ताची कथा वेगळी. दोन चित्रपट वॉन्काचे दोन उगम सांगतात ते त्यातलंच. मात्र दोन शब्दांत फरक ठेवा. पूर्वकथा म्हणजे आधी घडलेलं काहीही. उगमकथा तेव्हाच, जेव्हा एखादं पात्र, वस्तू किंवा वैर कसं जन्मलं हाच विषय असेल. ‘हॉबिट’ पूर्वकथा आहे, उगमकथा नाही. ‘विकेड’ दोन्ही आहे.

नाशिककरांना हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. शूर्पणखेचं नाक लक्ष्मणाने कापलं ते अरण्यकांडात, आणि नाशिकचं नाव त्यावरून पडलं हे पंचवटीत कोणीही सांगेल. पण ती या दंडकारण्यात आली कुठून? ते वाल्मीकि रामायणात कळतं थेट उत्तरकांडात, रामाचा राज्याभिषेक झाल्यावर, अगस्त्यांच्या तोंडून. कालकेयांशी लढताना रावणाच्या हातून तिचा नवरा विद्युज्जिह्व मारला गेला, ती रडत भावापुढे गेली, आणि त्याने तिला खराबरोबर दंडकारण्यात धाडलं. चेटकिणीला आधी दुष्ट म्हणून दाखवायचं आणि शेवटी तिच्यावर काय बेतलं ते सांगायचं, ही ‘विकेड’चीच चाल. रावणाचा जन्म, हनुमानाचं बालपण, सगळं तिथेच. कांडाचं नाव ‘उत्तर’ आणि आत निम्मी पूर्वकथा. बालकांड आणि उत्तरकांड मागाहून जोडले असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत, तेव्हा दोन्ही घड्याळं इथे बरोबर जुळतात.

पोथीवाचक

उत्तरकांडाचा दाखला बिनतोड. आधी कळस मग पाया, म्हणून ‘पायाकथा’ म्हणा हवं तर! (गमतीने. पत्रकात घालू नका.)

रिळवाला

षष्ठीचा मुद्दा वर आलाय, त्याला एक जोड. कोणाची पूर्वकथा, ते लिहिताना पुस्तक की चित्रपट हे ठरवा. हा हक्कांचाही प्रश्न आहे. बॉमच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चंदेरी. त्यावरच्या १९३९ च्या चित्रपटाने ते माणकासारखे लाल केले, कारण नव्या रंगीत फिल्मवर लाल खुलून दिसतो. पुस्तकाचे हक्क संपलेत, ते कोणीही वापरावं. लाल बूट ही चित्रपटाची मालमत्ता, ती आता वॉर्नर या चित्रपट कंपनीकडे. म्हणून २०१३ मध्ये डिस्नेने ऑझच्या जादूगाराची पूर्वकथा काढली तेव्हा लाल बूट नव्हते, चेटकिणीचा हिरवा रंगही हुबेहूब तोच होऊ नये म्हणून खबरदारी घ्यावी लागली. ‘विकेड’ युनिव्हर्सलचा, त्यातही बूट चंदेरीच. मात्र चेटकिणीची हिरवी कातडी पुस्तकातली नाही. तिथे तिला एकच डोळा आहे, दुर्बिणीसारखा लांबवर पाहणारा. हिरवा रंग १९३९ च्या पडद्यावरचा, तो मॅग्वायरने उचलला. तिचं एल्फाबा हे नावही त्यानेच बॉमच्या आद्याक्षरांवरून, एल-एफ-बी वरून, पाडलं.

सांगायचं कारण असं की एखादं चौकस पोर विचारणार, लाल बूट कुठे गेले? पत्रकात ‘पुस्तकाची पूर्वकथा’ किंवा ‘१९३९ च्या चित्रपटाची पूर्वकथा’ असं ठाम लिहू नका. ‘ऑझच्या चेटकिणीची पूर्वकथा’ म्हणा. पात्राला षष्ठी लावली की वाद मिटतो.

आणि ‘विकेड’ १६० मिनिटांचा आहे. आठ वर्षांच्या मुलांसाठी मध्यंतर हवंच.

शुद्धलेखक

तांत्रिक बाबी. मूळ शब्द ठेवायचा झाला तर ‘प्री’ दीर्घ लिहा, उच्चार तसाच आहे. लिंग : बोलण्यात ‘तो सीक्वेल’ रुळलंय, त्याच चालीवर ‘तो प्रीक्वेल’. अनेकवचन बदलत नाही, ‘दोन प्रीक्वेल’. विभक्ती प्रत्यय थेट : प्रीक्वेलचा, प्रीक्वेलमध्ये. ‘प्रीक्वेलाचा’ कानाला खटकतं. पूर्वकथा स्त्रीलिंगी, म्हणून ‘वॉन्काचा पूर्वकथा चित्रपट’ असलं जोडकाम नको, ‘वॉन्काची पूर्वकथा’ पुरे. चेटकीण दीर्घ, पण प्रत्यय लागला की चेटकिणीची, ह्रस्व. ही चूक फलकांवर हमखास दिसते. ‘ऑझ’ला ‘ओझ’ लिहिलं तर लोक ओझं वाचतील.

‘पूर्व’ पाठोपाठ दोनदा येऊ देऊ नका. ‘पूर्वीची पूर्वकथा’ असं सर्रास छापलं जातं. आणि ‘अनोखी’, ‘अद्भुत सफर’ वगैरे काढा. दोनच ओळी आहेत, त्यात तिन्ही गोष्टी बसल्या पाहिजेत : पात्र कोण, मुलांना ते आधी कुठे भेटलं असेल, आणि चित्रपट कुठवर जातो.

गोदाकाठ

असा मसुदा केलाय :

विकेड : डोरोथी ऑझला पोचण्याआधी तिथली हिरवी चेटकीण कोण होती? तिची पूर्वकथा, भाग पहिला. (मध्यंतर आहे.)

वॉन्का : चॉकलेटच्या कारखान्याचा मालक तरुणपणी शहरात येतो तेव्हाची गोष्ट. कारखाना उभा राहतो तिथे संपते.

पॅन : पीटर पॅन नेव्हरलँडला पहिल्यांदा कसा पोचला आणि हूक त्याचा मित्र होता तेव्हाची, नव्याने रचलेली पूर्वकथा.

जुने_अंक

झकास. ‘पूर्वकथा’ दोनदाच आली आणि दोन्ही वेळा एकटी नाही. ‘वॉन्का’त शब्द न वापरता अर्थ आला, ते तर सर्वांत बरं. ‘नव्याने रचलेली’ मात्र तिन्हींना लागू आहे, फक्त पॅनला नको. मथळ्यातच घ्या : ‘ओळखीच्या गोष्टींच्या आधी काय घडलं? तीन नव्या रचना’. म्हणजे ‘मागाहून सांगितली’ हा उरलेला अर्धा अर्थही येतो.

तपोवन

पॅनच्या ओळीत ‘पहिल्यांदा’ राहू द्या, पण ‘हूक’ऐवजी ‘कॅप्टन हूक’ लिहू नका. त्या चित्रपटात तो अजून कॅप्टन झालेला नाही.