इकिगाईची चार वर्तुळं भरली, मधली जागा रिकामीच. आता काय?

राजारामपुरी_८वी_गल्ली:
नोकरी पक्की आहे, घरी अडचण नाही. तरी रोज कशासाठी राबायचं, याचं उत्तर मिळत नाही. इकिगाई म्हणजे जगण्याचं कारण. त्याच्या आकृतीतली आवड, हातोटी, जगाची गरज, पैसा ही वर्तुळं दोनदा भरली. मधे काहीच येत नाही. पद्धत चुकते आहे का?

करवीरकर:
आकृतीच बाजूला ठेवा. जीवनहेतूच्या एका तयार आकृतीत २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने 'इकिगाई' हा जपानी शब्द बसवला. मूळ शब्दाला पैशाची अट नाही. मनोविकारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी कुष्ठरुग्णांमध्ये काम केलं आणि १९६६ मध्ये इकिगाईवर पुस्तक लिहिलं. तिथे पगाराचा प्रश्नच नव्हता.

त्यापेक्षा चौदा दिवस वही लिहा. झोपण्याआधी तीन ओळी: वेळेचं भान कुठे सुटलं, जीव कशाला विटला, आपल्यामुळे कुणाचं काय अडलेलं सुटलं. 'शिकवायला आवडतं' एवढ्याने काही कळत नाही. 'मंगळवार, ९ ते ९.४०, पुतणीला अपूर्णांक. भाकरीचे चार तुकडे केल्यावर छेद उमगला. मोबाईलकडे हात गेला नाही.' असं पाहिजे. पंधराव्या दिवशी लाल पेनाने फक्त क्रियापदांखाली रेघ मारा: समजावलं, जुळवलं, दुरुस्त केलं. जे तीन-चारदा आलंय ते धरा. विषय बदलत राहतात, क्रियापद सहसा टिकतं.

गंगावेस_तालीम:
वही बरोबर आहे, पण बरेच जण वहीतच अडकतात. पुढे सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, ठरलेला वार, ठरलेली जागा आणि आपली वाट बघणारं एक तरी माणूस. हे शेवटचं सोडू नका. वाट बघणारं कुणी नसलं की तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि खाडा पडतो. 'समजावलं' आलं असेल तर कोल्हापुरातल्या एखाद्या बोर्डिंगच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, अधीक्षकांना भेटा. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, ती खेड्यातल्या पोरांसाठीच निघाली. गणित शिकवायला येतो म्हणा, आणि 'सहा आठवडेच' हेही आधीच सांगा, पोरांचा हिरमोड होत नाही.

या काळात नोकरी सोडायची नाही आणि स्टेटसलाही टाकायचं नाही. कौतुक आधी मिळालं की कामाची ओढ खरी किती, ते ओळखता येत नाही. सातव्या आठवड्यात जायचं ठरलेलं नसूनही पाय तिकडेच वळले, तर काम पुढे चालू ठेवा. नाही वळले, तर वहीतलं दुसरं क्रियापद घ्या.

समुपदेशक_ताराबाई_पार्क:
आधी एक तपासा. दोन आठवडे सलग झोप किंवा भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग वही थांबू दे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणंच नको वाटत असेल तर आजच १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
झोप, भूक ठीक आहे. पण तिसऱ्या ओळीत रोज 'कुणाचंच नाही' आलं तर?

करवीरकर:
तसं लिहून वही मिटू नका. सकाळपासून कोण कोण काही विचारायला आलं, ते आठवा. ऑफिसात फॉर्म कसा भरायचा हे विचारणारा शिपाईसुद्धा धरा. दिवसाला एक नाव पुरे.