"इमेज काढा, व्हीएममध्ये टाका, दुपारपर्यंत मोकळे": हे कुणी पसरवलं?

तळघरातला_रॅक

"जुना सर्व्हर व्हर्च्युअल करायचाय? डिस्कची इमेज काढा, फॉरमॅट बदला, बूट करा. एका दुपारचं काम." जुनं यंत्र व्हीएममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आभासी यंत्रात, हलवायचा हा सल्ला काल इथे पडला आणि खाली वाहवांची रांग लागली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणून हे लांबण.

इमेज, म्हणजे डिस्कची बाइट-न्-बाइट प्रत, काढणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. घोळ घालतं ते डिस्कवर नसलेलं. विंडोज २००० किंवा २००३ ची इमेज जशीच्या तशी क्यूएमूत (यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम) लावून बघा: निळा पडदा, स्टॉप ७बी, म्हणजे बूट डिस्क सापडत नाही. मूळ यंत्र स्कझी किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारा) कंट्रोलरवरून बूट व्हायचं, इथे समोर येतो पीआयआयएक्स३ चा आयडीई, म्हणजे वेगळ्याच जातीचा डिस्क कंट्रोलर, आणि त्याची ओळख रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) नसते. म्हणून इमेजच्या *आधी*, जुन्या यंत्रावरच, अटॅपी, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीई या तिन्ही ड्रायव्हरांचा 'स्टार्ट' शून्य करा (म्हणजे ते बूटलाच चढतील), क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये कंट्रोलरचे पीसीआय आयडी घाला, आणि तिन्ही ड्रायव्हर फायली खरंच जागेवर आहेत का ते बघा. राहून गेलं तर सिस्टिम हाइव्ह, म्हणजे रजिस्ट्रीची फाइल, बाहेरून उघडा. तिथे 'करंट कंट्रोल सेट' दिसणार नाही, 'कंट्रोल सेट ००१' किंवा '००२' दिसेल. कुठला चालू आहे ते 'सिलेक्ट' की सांगते. बरेच जण चुकीच्या सेटमध्ये बदल करतात आणि मग इमेजच खराब म्हणून बोंब मारतात.

एनटी ४ (विंडोज २००० च्या आधीचं) ची तऱ्हा वेगळी. नव्या प्रोसेसरचं सीपीयूआयडी (प्रोसेसर स्वतःची सांगतो ती ओळख) बघून ते गोंधळतं, म्हणून सीपीयू 'पेंटियम' द्यायचा. नेटवर्क कार्ड पीसीनेट, कारण त्याचा ड्रायव्हर एनटीच्या सीडीवरच आहे. बूट पार्टिशन ७.८ जीबीच्या आत, नाहीतर पुढे कधीतरी बूट फाइल त्या हद्दीपलीकडे सरकते आणि यंत्र उठत नाही.

आणि स्पार्क (सनच्या यंत्रांचा प्रोसेसर) असेल तर होस्टआयडी, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, डिस्कवर नसतोच. तो एनव्हीरॅमच्या चिपमध्ये असतो आणि तिची बॅटरी चिपच्या पोटात. ती मेली की बूटच्या वेळी इथरनेट पत्ता आणि होस्टआयडी दोन्ही नुसते एफएफ एफएफ. लायसन्स होस्टआयडीला बांधलेलं असेल तर इमेज शंभर टक्के बरोबर आणि उपयोग शून्य. बसेल का हे सगळं दुपारी?

बूटलूप

तो सल्ला माझाच होता, आणि ज्याला दिला त्याच्याकडे लिनक्स होतं, जुन्या २.४ कर्नलचं (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा). एनटी, स्पार्क, हाइव्ह तुम्ही घुसडलंत.

त्यात आहे काय एवढं? व्हर्टिओ (व्हीएमसाठीचे खास ड्रायव्हर) विसरायचं, मूळ कर्नलमध्ये ते २.६.२५ च्या आधी वापरण्याजोगं नाही. डिस्क आयडीई द्या, कार्ड आरटीएल८१३९. यंत्र स्कझीचं असेल तर डिस्कचं नाव एसडीएचं एचडीए होतं, म्हणून रेस्क्यू सीडीवरून चढायचं, एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) आणि लिलोची (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) कॉन्फिग बदलायची, सी-एचरूट करून (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) लिलो पुन्हा चालवायचा. पन्नास घाबरवणारे परिच्छेद वाचून माणूस हातच लावत नाही, आणि तोवर मदरबोर्डचे कपॅसिटर फुगतात.

तळघरातला_रॅक

लिलो पुन्हा चालवायचा हे कालच्या सल्ल्यात लिहिलं होतंत? नव्हतं. लिलो फाइलचं नाव बघत नाही, ब्लॉकचे पत्ते लक्षात ठेवतो. ते बदलले की पडद्यावर नुसतं 'एल ०१ ०१ ०१' वाहत राहतं, आणि तो बिचारा 'इमेज करप्ट' म्हणून दुसरी काढायला बसतो.

व्याख्याविहिरी

मुळात एम्युलेशन आणि व्हर्च्युअलायझेशन एकच असल्यासारखं चाललंय. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) एक्स८६, म्हणजे साध्या पीसीचा, पाहुणा (आत चालणारी सिस्टिम) खऱ्या प्रोसेसरवर धावतो. स्पार्क, अल्फा, व्हॅक्स या परक्या प्रोसेसरांची प्रत्येक सूचना भाषांतरित होते. पहिल्यात वेगाची चिंता नाही, दुसऱ्यात रात्रीचा बॅच सकाळपर्यंत आटपेल का हाच प्रश्न. क्यूएमूचं एसएस-५ (सनचं एक स्पार्क यंत्र) २५६ एमबीच्या वर मेमरी घेतच नाही. 'व्हीएम' म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

बूटलूप

बरं, गुरुजी.

थंड_इमेज

एक गंभीर चूक कुणीच पकडली नाही. "जुन्या यंत्रावरच" म्हणजे चालू यंत्राची इमेज? डेटाबेस लिहीत असताना डीडी (डिस्कची प्रत काढणारी आज्ञा) चालवली की डिस्कची सुरुवात दहा वाजताची आणि शेवट अकराचा. फाइलसिस्टिम दुरुस्तीत निघेल, डेटाबेसची पानं नाही. आधी शटडाउन, मग लाइव्ह सीडीवरून बूट, मगच इमेज. यात चर्चा नाही.

फिरतं_ताट

चर्चा नाही? वर्षानुवर्षं अखंड फिरलेली डिस्क थांबून थंड झाली की बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं, हेड चिकटतं, आणि ती परत फिरत नाही. पॉवर सप्लायचे थकलेले कपॅसिटर चालू असताना तग धरतात, सुरू करतानाचा झटका सोसत नाहीत. सीमॉसची बॅटरी गेलेली असेल तर बायोस कंट्रोलरची सेटिंग विसरलेलं असतं. म्हणजे तुमचं पहिलंच पाऊल न परतीचं, आणि तोवर हातात एक बाइट नाही!

थंड_इमेज

मग काय, फाटकी इमेज घेऊन मिरवायचं?

फिरतं_ताट

नीट वाचा हो. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलीत. मग फायली टारने एकत्र बांधून, परवानग्यांसकट. मग चालू यंत्राचीच कच्ची इमेज, फाटकी तर फाटकी. त्यानंतर शटडाउन करून तुमची पवित्र थंड इमेज. ती मिळाली तर उत्तम. डिस्क उठलीच नाही, तर फाटक्या इमेजवर डंप चढवून काम चालतं.

थंड_इमेज

डंप आणि टार आधी, हे मान्य. कच्ची चालू इमेज मात्र वेळेचा अपव्यय. मरू घातलेल्या डिस्कवर संपूर्ण वाचनाचा ताण दोनदा का द्यायचा? एकदाच द्यायचा असेल तर तो चांगल्या प्रतीसाठी द्या.

फिरतं_ताट

हा मुद्दा बरोबर आहे. डिस्क रीड एरर देत असेल तर चालू इमेज वगळा. निरोगी असेल तर घ्या. एवढ्यावर समाधान माना.

सिंकविना_जीव_जाय

डीडी कशी चालवायची तेही बोला. 'नोएरर' (चूक आली तरी थांबू नको) एकटं दिलं की न वाचलेला भाग गाळला जातो आणि पुढचं सगळं मागे सरकतं. सोबत 'सिंक' (गाळलेल्या जागी शून्यं भर) हवंच. पण ब्लॉक १ एमबी ठेवलात तर ५१२ बाइटच्या एका खराब सेक्टरपायी जवळपास अख्खा एमबी शून्यांनी भरू शकतो. डीडीरेस्क्यू वापरा, मॅप फाइलसकट. पहिली फेरी खरवडण्याशिवाय (खराब भाग सेक्टर-सेक्टर वाचत न बसता), दुसरी तीन प्रयत्नांची. मॅप फाइल असेल तर मध्येच यंत्र बसलं तरी तिथूनच पुढे जाता येतं.

हार्डवेअर रेड असेल तर डिस्क उपसून एकेकीची इमेज काढू नका. कंट्रोलर जो एकसंध व्हॉल्यूम दाखवतो त्याची काढा. डिस्क काढायचीच वेळ आली तर आधी खणांचे क्रमांक त्यांच्यावर लिहा.

आणि यूएसबी डिस्क लावून बसू नका. त्या काळच्या बोर्डावर यूएसबी १.१ असतं, सेकंदाला जेमतेम १ एमबी. ३६ जीबीला दहा तास. १०० मेगाबिटचं कार्ड सेकंदाला ११ एमबीच्या आसपास देतं, तीच डिस्क तासाभरात. नेटवर्कवरचं शेअर माउंट करून इमेज तिथेच काढा. लाइव्ह सीडीही त्या काळातली शोधा. आजच्या बहुतेक ६४-बिट आहेत, तिथे उठणारच नाहीत.

बूटलूप

म्हणजे दुपार मीच म्हणालो ती चूक, आणि तुम्ही नुसत्या कॉपीला दहा तास म्हणालात की ते ज्ञान.

सिंकविना_जीव_जाय

दहा तास *लावू नका* असं म्हटलंय. वाचता येतं ना?

राइटथ्रू

भांडून झालं असेल तर व्हीएम उठल्यानंतरचं ऐका. क्यूएमूचा डिस्क कॅश मुळात 'राइटबॅक' असतो, म्हणजे लिखाण आधी मेमरीत, डिस्कवर नंतर. तो सुरक्षित केव्हा? पाहुणा वेळच्यावेळी फ्लश ('आता डिस्कवर उतरव') पाठवत असेल तेव्हा. जुन्या एक्स्ट३ (लिनक्सची फाइलसिस्टिम) मध्ये बॅरियर, म्हणजे असे फ्लश पाठवणं, मुळातच बंद, त्याआधीच्या फाइलसिस्टिमचं तर बोलायलाच नको. यजमानाची वीज गेली की पाहुण्याच्या मते डिस्कवर पोचलेलं लिखाण यजमानाच्या मेमरीतच विरतं. 'राइटथ्रू' (प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर) लावा, संथ चालेल, चालू द्या. 'अनसेफ' (फ्लशकडे दुर्लक्ष) लावून वेगाचे आकडे दाखवणाऱ्यांना उद्याचं बोलायला लावा.

घड्याळ: विंडोज पाहुण्याला स्थानिक वेळ, युनिक्सला यूटीसी. उलटं झालं की लॉगमधल्या वेळा काही तासांनी सरकतात आणि ते बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

व्याख्याविहिरी

आणि 'आता व्हीएममध्ये आहे, सुरक्षित आहे' हेही ऐकून कंटाळा आलाय. विंडोज २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म) आला ते एसएमबी १ च्या (विंडोजचं जुनं फाइल शेअरिंग) भोकातूनच, आणि इमेजमध्ये ते भोक जसंच्या तसं येतं. स्नॅपशॉट म्हणजे पॅच नव्हे. पाहुण्याला वेगळ्या ब्रिजवर (वेगळ्या आभासी नेटवर्कवर) ठेवा आणि हवे तेवढेच पोर्ट उघडा.

बूटलूप

ठीक. लिलोचं लिहायला हवं होतं, डंप आधी हेही मान्य. 'एका दुपारचं काम' मधलं 'एका' मागे घेतो. बाकी सल्ला तोच: पुढच्या वर्षी करू म्हणत बसलात तर बॅटरी, कपॅसिटर, बेअरिंग यातलं काहीतरी तुमच्याआधी निर्णय घेईल.

तळघरातला_रॅक

यावर वाद नव्हताच. कालच्या सल्ल्यात तेवढी दुरुस्ती टाका. आणि ज्याला दिलात त्याला सांगा, हात लावण्याआधी एमएसी पत्ता, असेल तर होस्टआयडी, आणि पॅरलल पोर्टला मागे डाँगल (लायसन्सची चावी) लटकतंय का हे कागदावर लिही. फाइलमध्ये नको. ती फाइल त्याच डिस्कवर ठेवेल.